चेंडूमागे किती रुपये? पावसाळी क्रिकेट सरावाचा लासूरकरांसाठी हिशेब

लासूर स्टेशनला मुलाच्या क्रिकेटवर घरातला पहिला मोठा खर्च होतो तो बॅटचा. तोही बहुधा दिवाळीच्या आसपास, कपाशीचे किंवा कांद्याचे पैसे हातात आले की. तोवर सीझन सुरू झालेला असतो. लेदर बॉलचे सामने ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतात आणि त्या दिवसांत मुलगा खेळतो खूप, शिकतो कमी. पायांची हालचाल सुधारायची असेल, रनअप नव्याने बांधायचा असेल, फिरकीसमोर पुढे येण्याची भीती घालवायची असेल, तर सामन्यांचं ओझं नसलेला सलग काळ लागतो. आपल्याकडे तो काळ म्हणजे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचे सोळा आठवडे. माझं पालकांना स्पष्ट सांगणं आहे: वर्षाचं क्रिकेटचं बजेट ठरलेलं असेल, तर त्यातला मोठा वाटा या सोळा आठवड्यांना द्या आणि तो मुलाला अवघड चेंडू खेळायला मिळावेत यासाठी द्या.

मे महिन्यातल्या उन्हाळी शिबिराला माझी हरकत नाही. मुलाला गोडी लागते, सुट्टी सत्कारणी लागते. पण चाळिशीपार पारा, एका मैदानावर पन्नास-साठ मुलं आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र, एवढ्यात खेळाडू घडत नाही.

पावसात कसला सराव, असं कोणी म्हणेल. मुंबईत डॉ. एच. डी. कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. न झाकलेल्या ओल्या खेळपट्ट्या, वाढलेलं गवत, कधी अंगावर उसळणारा तर कधी खालीच राहणारा चेंडू. मुंबईच्या फलंदाजांच्या पिढ्यान् पिढ्या तिथे तावूनसुलाखून निघाल्या. आपल्याकडे तर पाऊसही त्या मानाने किती कमी! मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आपल्या संभाजीनगर जिल्ह्याची सरासरी सातशेच्या आसपास आणि गंगापूर-वैजापूरचा पट्टा त्यातही कोरडा. म्हणजे सोळा आठवड्यांतले बहुतेक दिवस मैदानावर जाता येतं. अडचण पावसापेक्षा काळ्या जमिनीची आहे. एका सरीनंतर बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि दोन दिवस मैदान हातचं जातं. त्यावरचा उपाय आणि त्याचा खर्च पुढे दिला आहे.

मराठवाड्यातून वरपर्यंत जाता येतं का, ही शंका आता कोणी घेऊ नये. औरंगाबादचा (आताचं संभाजीनगर) वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दिकी डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. जालन्याच्या विजय झोलने २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. पैठणचा अंकित बावणे वर्षानुवर्षं महाराष्ट्राच्या रणजी संघाचा कणा राहिला. आणि बीडचा सचिन धस ६ फेब्रुवारी २०२४ रोजी बेनोनीत दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या १९ वर्षांखालील विश्वचषक उपांत्य सामन्यात ९६ धावा काढून गेला. बीडला त्याच्या वाट्याला पूर्ण टर्फ विकेटही नव्हती, अर्ध्या टर्फवर तो घडला. साधनं अपुरी असली तरी सराव नेमका असेल तर वाट सापडते, हे त्यातून घ्यावं.

आता पैशाकडे वळू. पुढचे दर ढोबळ धरले आहेत. तुमच्या अकादमीचा आणि दुकानदाराचा आकडा घालून बेरीज पुन्हा करा. रीत तीच राहील.

पहिला मार्ग सगळ्यांना सुचतो तो: शनिवार-रविवार संभाजीनगरला अकादमीत. अकादमीचं शुल्क महिना १,५०० रुपये धरा, चार महिन्यांचे ६,०००. लासूर ते शहर सुमारे चाळीस किलोमीटर; साध्या एसटीचं एका माणसाचं तिकीट सत्तर-पंचाहत्तर रुपये. मुलगा बारा वर्षांवरचा आणि सोबत एक मोठं माणूस, म्हणजे जाऊन-येऊन दिवसाला ३००. सोळा आठवड्यांचे बत्तीस दिवस, ९,६०० रुपये. स्टँडपासून मैदानापर्यंत रिक्षा दिवसाला १००, चहा-नाश्ता-जेवणाचे आणखी १००, मिळून ६,४००. एकूण बावीस हजार. शुल्काचे ६,००० त्यातले साधारण चौथा हिस्सा! पॅसेंजर गाडी वेळेवर मिळत असेल तर प्रवासाचा खर्च नगण्य होतो. पण सरावाची वेळ सकाळी सातची असेल तर गाडीचं वेळापत्रक आधी तपासा आणि मगच अकादमी निवडा. घर ते मैदान हे अंतर शुल्कापेक्षा महाग पडतं, हे प्रवेश घेताना कोणी सांगत नाही. मुलगी खेळत असेल तर एक दिलासा आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि आई सोबत गेली तर दोघींचंही अर्धंच.

बावीस हजारांत मुलाला मिळतं काय? एका नेटमध्ये वीस मुलं, दोन तास सराव, गोलंदाज रांगेने टाकत असतील तर मिनिटाला साधारण पाच चेंडू. दोन तासांत सहाशे. वीस मुलांत भागा, एकेकाच्या वाट्याला तीस चेंडू. बत्तीस दिवसांचे ९६० चेंडू. बावीस हजार भागिले ९६०, म्हणजे चेंडूमागे तेवीस रुपये. हाच आकडा मी प्रत्येक पालकाला काढायला सांगतो. अकादमीची जाहिरात, ट्रॅकसूट, भिंतीवरचे फोटो बाजूला ठेवा. एका चेंडूला किती पडतात आणि तो चेंडू कसा असतो, एवढं बघा.

‘कसा असतो’ हा भाग पैशापेक्षा महत्त्वाचा. प्रवेश घेण्याआधी एक दिवस कडेला उभं राहून सराव बघा. कोच मुलाला एकाच जागी एकसारखे वीस थ्रोडाऊन टाकतो, मुलगा वीस ड्राइव्ह मारतो, आवाज छान येतो, पालक खूश. शाळेच्या सामन्यात मात्र पहिला चेंडू यॉर्कर, दुसरा आखूड, तिसरा हळू. मुलाने सरावात निवड कधी केलेलीच नसते, त्यामुळे तो चुकतो.

यावर बेसबॉलमध्ये झालेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९९४ मध्ये हॉल, डोमिंगेस आणि कवाझोस या संशोधकांनी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाडूंना सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा जादा सराव दिला. दर वेळी ४५ चेंडू: पंधरा वेगवान, पंधरा वळणारे, पंधरा वेग बदललेले. एका गटाला एकेक प्रकार सलग टाकला, दुसऱ्या गटाला तेच चेंडू बेभरवशाच्या क्रमाने. सलगवाल्या गटाची सुधारणा सुमारे २५ टक्के झाली, मिसळून खेळलेल्यांची ५७ टक्के. जादा सराव न मिळालेला गट जेमतेम सहा टक्क्यांनी सुधारला. चेंडू तेवढेच, वेळ तेवढाच, खर्च तेवढाच. फक्त पुढचा चेंडू कोणता ते ठाऊक नव्हतं. सरावाच्या वेळी मिसळलेला गट जास्त चुकतो, म्हणून कोचला आणि पालकाला तो सराव ‘खराब’ वाटतो. मुलगा नेटमध्ये चुकतोय म्हणून अकादमी बदलू नका. उलट तो एकदाही चुकत नसेल तर पैसे वाया जात आहेत.

आपल्याच माणसांकडे ही रीत जुनी आहे. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवत. गोलंदाजाने बाद केलं तर त्याचं, फलंदाज टिकला तर फलंदाजाचं. सचिन तेंडुलकरने तशी तेरा नाणी जपून ठेवली. तोच तेंडुलकर १९९८ मध्ये शेन वॉर्न असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या संघाविरुद्धच्या मालिकेआधी चेन्नईत लेगस्टंपबाहेरची जागा मुद्दाम खरबरीत करून घेऊन लक्ष्मण शिवरामकृष्णनकडून राउंड द विकेट चेंडू टाकून घेत होता. मालिकेतल्या पहिल्या कसोटीच्या दुसऱ्या डावात त्याने नाबाद १५५ काढल्या. जगातल्या सर्वोत्तम फलंदाजाने आपला सराव स्वतःहून कठीण करून घेतला.

लासूरच्या मैदानावर हे करायला किती लागतं? जवळपास काही नाही. टेनिस बॉल बादलीत भिजवून सिमेंटवर टाकला की तो सपकन निघतो. वेगवान गोलंदाजीची नजर त्यावर तयार होते. सोळा यार्डांवरून खांद्यावरून टाकलेला बॉल प्रतिक्रियेला वेळच देत नाही. गुड लेंग्थवर पोत्याचा तुकडा अंथरून त्यावर फिरकी टाका, चेंडू थबकतो, वळतो. शेवटी प्रत्येक मुलाला दोन षटकं, पंधरा धावांचं लक्ष्य. क्षेत्ररक्षणाच्या जागी विटा मांडलेल्या, विटेला बॉल लागला तर बाद. बाद झाला की पॅड काढायचे, ‘अजून एक चेंडू’ मिळणार नाही. एका वहीत तारीख, चेंडू, चुका आणि धावा एवढे चार रकाने. दहा चेंडूंत तीन-चार चुका होत असतील तर अवघडपणा योग्य. आठ-नऊ होत असतील तर चेंडू सोपा करा, कारण मग मूल भीतीने मागे सरकायला शिकतं. कठीण सराव म्हणजे शिवीगाळ किंवा उन्हात फेऱ्या मारायला लावणं नव्हे. असा कोच असेल तर मुलाला त्याच दिवशी काढून आणा.

दुसरा मार्ग म्हणजे गावातच सिमेंटची पट्टी. पंधरा घरांनी मिळून केली तर ती शहरवारीपेक्षा स्वस्त पडते. गणित असं: ६६ फूट लांब, ८ फूट रुंद, ४ इंच जाड. म्हणजे १७६ घनफूट, साधारण पाच घनमीटर काँक्रीट. एक-दीड-तीनच्या मिश्रणाला चाळीस गोण्या सिमेंट, पाऊण ब्रास वाळू आणि दीड ब्रास खडी. सिमेंट गोणी ३८० धरली तर १५,२००. वाळू आणि खडी मिळून नऊ हजार. पण खरी किंमत खालच्या थराची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं तर पहिल्याच वर्षी पट्टी तडकते. दीड फूट माती काढून मुरूम भरायचा, पाणी मारून दाबायचा. त्याला आठ ब्रास मुरूम लागतो, साधारण नऊ हजार, आणि जेसीबीचे तीन-चार हजार. मिक्सर आणि मजुरी बारा हजार. पट्टी पन्नास हजारांच्या आत होते. लोखंडी पाइप आणि नायलॉनची जाळी पंधरा ते वीस हजार, वर अंथरायला काथ्याचं मॅटिंग वीस हजार. एकूण नव्वद हजारांच्या घरात, घरटी सहा हजार. पट्टीला दोन्ही बाजूंनी किंचित उतार द्या, म्हणजे सर थांबल्यावर खराट्याने पाणी ढकललं की अर्ध्या तासात खेळता येतं. मॅटिंग मात्र रोज गुंडाळून कोरड्या जागी ठेवायचं, नाहीतर एका पावसाळ्यात कुजतं.

गावात किंवा आसपास जिल्हा पातळीवर खेळलेला एखादा तरुण असतो. त्याला महिना पाच हजार द्या. चार महिन्यांचे वीस हजार, घरटी तेराशे-साडेतेराशे. टेनिस आणि सिंथेटिक बॉलचे घरटी सहा-सातशे. म्हणजे पहिल्या वर्षी घरटी आठ हजार, पुढच्या वर्षापासून दोन. चेंडू किती? पंधरा मुलं, एक नेट, दोन तास, एकेकाला चाळीस. आठवड्याचे पाच दिवस धरून ऐंशी दिवस, त्यातले पाव पावसाने गेले तर साठ. चोवीसशे चेंडू. आठ हजार भागिले चोवीसशे, चेंडूमागे साडेतीन रुपयांच्या आत.

तरीही शहर पूर्ण सोडू नये. सिमेंटवर बॉल बॅटवर सरळ येतो. टर्फवरचा लेदर बॉल हलतो, थांबतो. पंधरवड्यातून एकदा शहरात जा, अनुभवी कोचकडून वहीतल्या चुका तपासून घ्या, टर्फवर खेळा. दिवसाला प्रवास-खाण्याचे ५०० आणि सत्राचे ३०० ते ५०० धरले तर आठ खेपांचे साडेसहा ते आठ हजार. म्हणजे पहिल्या वर्षी सगळं मिळून सोळा हजार, बावीसपेक्षा सहाने कमी आणि चेंडू अडीचपट.

सामानाबद्दल थोडक्यात. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात तशी बॅट कधी घेऊ नका. जड, मोठ्या बॅटने मुलाचा खालचा हात सगळा जोर लावतो आणि फटका आडवा होतो. उंचीप्रमाणे ४, ५, ६, हॅरो असा क्रम आहे. सोळा वर्षांपर्यंत काश्मीर विलो पुरते, दीड ते साडेतीन हजारांत. इंग्लिश विलो सहा-सात हजारांपासून पुढे जाते आणि सिमेंटवर लवकर फुटते. खेळाच्या साहित्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल मागा आणि दर बघा. पॅड-ग्लोव्हज वापरलेले चालतील. हेल्मेट वापरलेलं घेऊ नका. आतल्या लेबलवर बीएस ७९२८:२०१३ हे मानक छापलेलं असेल तेच घ्या, जाळी आणि वरची कड यांच्यामधल्या फटीतून बॉल जात नाही ना ते दुकानातच बॉल लावून तपासा. गार्डशिवाय भिजलेल्या टेनिस बॉलवरही उभं राहू देऊ नका.

वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलाच्या पालकांनी हे नीट वाचावं. वाढीच्या वयात कमरेच्या मणक्याच्या हाडाला ताणाचं फ्रॅक्चर होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो आणि ते झालं की सहा-सहा महिने जातात. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने १५ वर्षांखालील वेगवान गोलंदाजांसाठी एका स्पेलमध्ये सहा आणि दिवसात बारा षटकांची मर्यादा अनेक वर्षं ठेवली. त्यात नेटमधली षटकंही मोजावीत, असं माझं मत आहे. गावात मुलगा सकाळी नेट, दुपारी शाळेत, संध्याकाळी टेनिस बॉल टूर्नामेंट असं तिन्हीकडे टाकतो आणि कोणीच बेरीज करत नाही. कंबर दुखतेय असं तो म्हणाला की गोलंदाजी त्याच दिवशी बंद, आणि हाडांच्या डॉक्टरकडे. तपासणीचे आठशे-हजार रुपये या बजेटमध्ये आधीच बाजूला काढून ठेवा.

निवडीच्या नावाखाली पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा. वाट एकच: जिल्हा संघटनेच्या निवड चाचण्या, तिथून पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे वयोगटाचे संघ, मग १६ वर्षांखालील विजय मर्चंट करंडक, १९ वर्षांखालील कूचबिहार करंडक. ‘सिलेक्शनची गॅरंटी’ म्हणून कोणी रोख रक्कम मागितली तर तिथेच नमस्कार करून निघा. जन्मदाखल्याशी खेळ तर अजिबात नको. १६ वर्षांखालील गटात मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासतात आणि वय लपवलेलं सापडलं तर बीसीसीआय दोन वर्षांची बंदी घालते. जन्मदाखला, आधार आणि शाळेची नोंद यांतली तारीख आणि नावाचं स्पेलिंग एक आहे का, ते याच पावसाळ्यात तपासून दुरुस्त करा.

अकादमीत पैसे भरताना पावती, एका नेटमध्ये किती मुलं, पावसाने बुडालेले दिवस भरून देणार का आणि मध्येच सोडलं तर किती परत, हे लिहून घ्या. चार महिन्यांचे एकदम भरू नका, महिन्याचे भरा. पैसे घेऊन सेवा दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार होते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो.

पट्टीचं मनावर घेतलं असेल तर तारखा उलट्या बाजूने मोजा. जूनच्या मध्याला खेळायचं तर काँक्रीट मेच्या तिसऱ्या आठवड्यात ओतलेलं हवं, कारण वर दोन-तीन आठवडे रोज पाणी मारावं लागतं. त्याआधी आठ दिवस मुरूम भरून दाबलेला हवा, आणि त्याच्याही आधी जागा. शाळेची जागा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा, गावाची असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. तोच ठराव जोडून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे क्रीडांगण विकास अनुदानासाठीही अर्ज करता येतो. १ मे रोजी ग्रामसभा असते. विषयपत्रिकेत हा विषय यावा म्हणून पंधरा पालकांच्या सह्यांचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्या आणि पोच घ्या.